विदर्भातील जंगल आणि तलावांचे रंग सिम्युलेटरमध्ये परके का वाटतात?

धानपट्टा_साकोली (प्रश्न)

नमस्कार. मी साकोली तालुक्यात राहतो आणि एक्स-प्लेन 12 या विमान उड्डाणाच्या सिम्युलेटरमध्ये, ऑर्थो4एक्सपी या साधनाने उपग्रह-छायाचित्रांपासून तयार केलेल्या टाइलवर (जमिनीच्या चौकोनी तुकड्यांवर), नागपूर ते बिरसी (गोंदियाचे विमानतळ) हे उड्डाण नेहमी करतो. वैनगंगेची वळणे, रेल्वेमार्ग आणि तलावांच्या पाळी जागच्या जागी दिसतात, पण रंग काही आपल्याकडचे वाटत नाहीत. झाडांसाठी मी एक विकतचे ॲड-ऑन (सिम्युलेटरला जोडायची भर) घेतले आहे. त्यात ऑक्टोबर लागला की जंगल पिवळे-तांबडे होते आणि एप्रिलमध्ये सगळीकडे कोवळी हिरवळ पसरते. आपल्याकडे ऑक्टोबरात जंगल दाट हिरवे असते आणि एप्रिलमध्ये सागाच्या काड्या उरतात. पाण्याची तऱ्हा त्याहून वेगळी आहे, कारण नवेगावबांध, इटियाडोह आणि गावोगावच्या मालगुजारी तलावांना बाराही महिने एकच नितळ निळा रंग आहे. हे कशामुळे होते आणि स्वतः दुरुस्त करायचे झाल्यास सुरुवात कोठून करावी, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

टाइलकार

आपल्या दोन्ही तक्रारींची कारणे वेगवेगळी आहेत. झाडांच्या बाबतीत, बहुतेक ॲड-ऑन वसंत, ग्रीष्म, शरद आणि हिवाळा असे चार ऋतू धरून बनवलेले असतात व त्यांतील पानगळ थंडीशी जोडलेली असते. आपल्या पानझडी जंगलात पाने गळतात ती मुख्यतः जमिनीतील ओल संपत आल्यामुळे, त्यामुळे युरोपातील ओकचे वेळापत्रक सागाला लावले की ते काही महिन्यांनी चुकते. एक्स-प्लेन 12 मध्ये ऋतू केव्हा सुरू होतो आणि केव्हा संपतो हे त्या त्या ठिकाणाप्रमाणे डीएसएफ फाइलमधील (सिम्युलेटरच्या भूदृश्याच्या फाइलमधील) रास्टर, म्हणजे चौकटींच्या नकाशासारख्या, थरांत नोंदवलेले असते, म्हणजे सोय मुळात आहे. आपण घेतलेल्या झाडांची पाने कोणत्या ऋतूत कोणत्या रंगाची रंगवली आहेत, एवढाच प्रश्न उरतो.

जमिनीच्या छायाचित्राचा दोष निराळा आहे. पावसाळ्यात ढगांमुळे उपग्रहाला जमीन क्वचितच दिसते, म्हणून जोडून केलेल्या चित्रांत ऑक्टोबर ते मे या काळातील तुकडे अधिक येतात आणि एका टाइलमध्ये पिकलेले धान असते, तर शेजारच्या टाइलमध्ये उन्हाळ्यातील उघडी बांधी (धानाचे शेत). सेंटिनेल-2 या युरोपीय उपग्रहांच्या प्रतिमा विनामूल्य मिळतात, त्यांच्या डोळ्यांना दिसणाऱ्या रंगांच्या पट्ट्यांत एक ठिपका 10 मीटरचा असतो आणि दोन उपग्रह मिळून साधारण पाच दिवसांनी त्याच जागेवर परत येतात. त्यांतून +21+079 (अक्षांश 21, रेखांश 79 पासूनची) या टाइलसाठी नोव्हेंबर, फेब्रुवारी आणि मे या महिन्यांची निरभ्र चित्रे निवडून रंग जुळवून घ्यावेत, असे मी सुचवीन. दहा मीटरच्या चित्रात धुरे (शेतांचे बांध) नीट दिसणार नाहीत, म्हणून ते थेट वापरू नये. आपल्याकडील बारीक चित्राला रंग देण्यापुरतेच वापरावे.

मोहफूल

मी गडचिरोलीकडचा असल्याने जंगलाबद्दल लिहितो. साग साधारण जानेवारीपासून पाने टाकू लागतो आणि मार्चपासून पावसाची चाहूल लागेपर्यंत उघडा असतो. धावड्याची पाने त्याआधी थंडीत तांबूस होतात, सालई तर हिवाळ्यापासूनच निष्पर्ण होते. मात्र विमानातून डोळ्यांत भरेल असा लाल-केशरी रंग आपल्या जंगलात ऑक्टोबरात नसून फेब्रुवारी-मार्चमध्ये असतो, आणि तो वाळलेल्या पानांचा नसून फुलांचा व पालवीचा असतो. पळस पाने टाकून फुलतो, आणि पूर्व विदर्भात तो धानाच्या धुऱ्यांवरही असल्याने हे ठिपके जंगलाबाहेर शेतांतही पसरलेले दिसतात. कुसुमाची पालवी तर इतकी गडद लाल असते की दुरून फुलेच वाटावीत. मोहाची नवी पाने तांबूस येतात.

शेतांचेही वेळापत्रक निराळे लावावे लागेल. जुलैमध्ये रोवणी चालू असताना बांधीत पाणी साचलेले असते व वरून आकाशाचे तुकडे दिसतात, सप्टेंबरात सगळे गर्द हिरवे होते, नोव्हेंबरात कापणीच्या सुमारास सोनेरी. वर्धा-यवतमाळकडे गेलात की सोयाबीन सप्टेंबर-ऑक्टोबरातच पिवळे पडते, पऱ्हाटी (कापूस) हिवाळ्यापर्यंत उभी राहते आणि उन्हाळ्यात वखरलेली काळी जमीन उरते. वरुड-मोर्शीच्या संत्राबागा मात्र मे महिन्यातही हिरव्या असतात. त्या हिरव्या ठेवल्या नाहीत, तर तो भाग ओळखूच येणार नाही. एक विनंती अशी की, सगळे जंगल एका दिवसात उघडे करू नका. ओढ्याकाठची झाडे आणि पाणथळ जागचा बांबू बराच काळ हिरवट राहतो.

खारपाण

पाण्यासंबंधी. ऑर्थो4एक्सपीमध्ये अंतर्गत पाण्यासाठी खाली सिम्युलेटरचे पाणी आणि वर छायाचित्राचा पारदर्शक थर असतो. ही पारदर्शकता ‘रेशो-वॉटर’ या मूल्याने ठरते. ते 1 केले की केवळ सिम्युलेटरचे पाणी दिसते, 0 केले की केवळ छायाचित्र. आपल्या टाइलमध्ये ते वरच्या टोकाला असावे. कमी करून पाहा, म्हणजे गढूळपणा आपोआप येईल, मात्र लाटा आणि चकाकी कमी होतील.

पावसाळ्यात वर्धा आणि पूर्णा काळ्या मातीमुळे गडद तपकिरी वाहतात, ऑक्टोबरनंतर गाळ बसतो आणि शेवाळामुळे तलाव हिरवट होतात, गोसीखुर्दच्या फुगवट्यात जलपर्णीचे पट्टे असतात. याहून मोठी अडचण आकाराची आहे. पाण्याच्या सीमा ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशातून येतात आणि त्या वर्षभर स्थिर असतात, त्यामुळे मे महिन्यातही तलाव तुडुंब दिसतो. प्रत्यक्षात पाणी मागे सरून बोड्या (लहान तळी) कोरड्या पडतात आणि मोठ्या तलावांच्या काठी गाळपेर (पाणी ओसरल्यावर पेरायची) जमीन उघडी होते. युरोपीय आयोगाच्या संयुक्त संशोधन केंद्राने 1984 पासूनच्या लँडसॅट या अमेरिकी उपग्रहांच्या प्रतिमांवरून भूपृष्ठजलाचा जो नकाशा केला आहे, त्यात वर्षातून किती महिने पाणी असते याचा थर आहे. त्यावरून उन्हाळ्याची वेगळी सीमा आखता येते.

लोणार सरोवराला मात्र गुलाबी करू नये. जून 2020 मध्ये क्षारप्रिय सूक्ष्मजीवांमुळे ते पाणी गुलाबी झाले होते, पण पावसाचे पाणी मिसळल्यावर तो रंग गेला. एरवी ते हिरवेच असते.

बेलोरा_धावपट्टी

निळा रंग सरसकट काढू नये, असे माझे मत आहे. दूरच्या तलावाकडे तिरकस पाहिले की पाण्यावर आकाशाचे प्रतिबिंब दिसते आणि गढूळ तलावही निळा वाटतो. सरळ खाली पाहिले की पाण्याचा स्वतःचा रंग कळतो. म्हणून रंग तपासायचा असेल तर तो पंखाखाली तपासावा. शिवाय मे महिन्यात धुरळ्यामुळे सगळेच फिके होते. दृश्यमानता कमी न करता केवळ टेक्स्चर (पृष्ठभागावरील चित्रे) बदलत बसलात, तर उन्हाळा कधीच खरा वाटणार नाही.

धानपट्टा_साकोली

सर्वांचे आभार. रेशो-वॉटर खरोखरच 1 वर होते. ते कमी करून +20+080 ही टाइल नव्याने तयार करण्यास लावली आहे, कारण नवेगावबांध तिच्यातच येतो. झाडांच्या बाबतीत आधी सागाचा मार्च आणि पळसाचा फेब्रुवारी जुळवतो, धावडा-सालई नंतर पाहू. मोहफूल यांना एकच विचारायचे आहे की, आपल्याकडे कुसुम जंगलात एकेकटा असतो की घोळक्याने? झाडांची घनता ठरवताना ते आधी माहीत असायला हवे.