वाचनाचे उपक्रम: कोणते दिवस धरावेत?

प्रश्न: तिसरी-चौथीची ३० मुलं आहेत. वर्षात कोणते दिवस धरावेत आणि त्या दिवशी नेमकं काय घ्यावं?

पानोपानी: २ एप्रिल आंतरराष्ट्रीय बालपुस्तक दिन, २३ एप्रिल जागतिक पुस्तक दिन, ८ सप्टेंबर आंतरराष्ट्रीय साक्षरता दिन (युनेस्कोने १९६६ मध्ये जाहीर केलेला). सुरुवातीला एकच धरा. भाषणं आणि फलकांतच वेळ गेला, तर मुलांच्या हाती पुस्तक पडतच नाही.

अक्षरमित्र: जोडीवाचन घ्या. १५ जोड्या करा, एक बऱ्यापैकी वाचणारा, एक अडखळणारा. पण फार अंतर नको, नाहीतर एकटाच वाचत सुटतो. उतारा साधारण १०० शब्दांचा. त्यात दहाहून जास्त शब्द अडले तर सोपा उतारा द्या. आधी दोघं एका सुरात, मग अडखळणारा एकटा. शब्द अडला की जोडीदाराने तीन-चार सेकंद थांबायचं, मगच सांगायचं. लगेच सांगितलं की मूल अक्षरांकडे बघणंच सोडतं. वीस मिनिटं पुरेत.

पानोपानी: आणि वेगाची स्पर्धा कृपया नको! मुलं शेवटची अक्षरं गिळतात, अर्थ निसटतो. त्याऐवजी वाचून झाल्यावर गोष्ट स्वतःच्या शब्दांत सांगायला लावा. सहकारी शिक्षकांनाही बोलवा, प्रत्येकाने दोनच जोड्यांच्या चुका टिपाव्यात. पुढच्या आठवड्याचे उतारे त्यावरूनच निवडता येतील.