लॉकडाऊनमध्ये द्राक्षाचा सौदा मोडला, नुकसान कुणी सोसायचं?

तासगावकर (धागाकर्ता)
मार्च 2020. बांधावर दर ठरलेला, विसार घेतलेला, तोडणी दोन दिवसांवर. 25 मार्चपासून देशभर लॉकडाऊन लागला आणि व्यापाऱ्यानं फोन उचलणं बंद केलं. पुढं निरोप आला, 'सरकारनंच बंद केलं, विसार परत द्या.' अशा कितीतरी बागा आमच्या भागात अडकल्या. माझ्या मते सौदा व्यापाऱ्यानं मोडला, भरपाई त्यानंच द्यायची. केंद्रानं 27 मार्चलाच शेतीकामांना आणि बाजार समित्यांना सूट दिली, दोन दिवसांनी सगळ्याच मालाची वाहतूक मोकळी केली. करार रद्द ठरवणारं करार कायद्याचं कलम 56 काम अशक्य झालं तर लागतं, तोटा दिसतोय म्हणून नाही.

मिरजेचा आडत्या
दादा, सूट कागदावर होती. गाडी मिळाली तर ड्रायव्हर नाही, ड्रायव्हर मिळाला तर नाक्यावर अडवायचे. पॅकिंगची परराज्यातली पोरं गावाकडं जायच्या मागं. इस्लामपुरात पेशंट सापडल्यावर तर आपल्या जिल्ह्यात कुणी कुणाला गावात घेईना. माल तोडून ठेवायचा कुठं? विसार आम्हीपण कर्ज काढूनच देतो. करार निष्फळ झाला, तर कलम 65 प्रमाणे घेतलेले पैसे परत करायचे, विषय संपला.

तासगावकर
नाही संपत. एनर्जी वॉचडॉग खटल्यात 2017 साली सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की काम महाग पडलं म्हणून करारातून सुटका नाही. इंडोनेशियाचा कोळसा महागला होता, तरी वीज कंपन्यांना ते कारण चाललं नाही. दर चढला असता आणि मी माल दुसऱ्याला दिला असता, तर हेच लोक बागेत येऊन बसले असते!

वकील, सांगली
तासगावकर, लेखी काय आहे तुमच्याकडं? तोंडी करारही चालतो, पण दर आणि तोडणीची तारीख सिद्ध करावी लागते. आणि भरपाई म्हणजे सौद्याची पूर्ण रक्कम नव्हे. कलम 73 मध्ये नुकसान कमी करायला तुम्ही काय केलंत हेही बघतात. माल बेदाण्याला टाकला असेल, तर त्याचे पैसे वजा जाऊन उरेल तेवढंच मागता येतं.

कवठेमहांकाळ
वकीलसाहेब, ज्याच्याकडं शेड नाही त्यानं बेदाणा कुठं करायचा? व्यापारी परराज्यातला, समन्स बजावायचं कुठं? फळं-भाजीपाला 2016 ला नियमनमुक्त झाला, त्यामुळं बांधावरच्या खरेदीत बाजार समितीचाही धाक नाही. कोर्टात जाऊन आणखी दोन वर्षं घालवण्यापेक्षा विसार ठेवून घ्या आणि सोडून द्या.

मिरजेचा आडत्या
विसार ठेवून घ्या म्हणजे? दर कमी करून माल उचलतो म्हणणारेपण होते, त्यांनाही लबाड ठरवलंत.

तासगावकर
समोर बसून दर कमी केला त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही, तो दोघांच्या संमतीनं नवा सौदा झाला. मी लिहिलंय ते फोन बंद करणाऱ्यांबद्दल. आणि कवठेमहांकाळकर, सोडून द्यायला माझी तयारी नाही. वर्षभराची औषधं, छाटणी, मजुरी त्या मालात होती. विसार मागायला यायचं असेल तर आधी त्याचा हिशोब घेऊन या.