सही केली म्हणजे संमती?
कंपन्या कर्मचाऱ्यांच्या कामावर पाळत ठेवतात, त्यावर ‘ऑफर लेटरवर सही केलीत, म्हणजे पाळतीला संमती दिलीत’ असं काहीजण म्हणतात. ते काही पटलं नाही. सही न करण्याची सोय असते कुणाला? आणि गंमत म्हणजे २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याच्या कलम ७ मध्ये नोकरीच्या कारणासाठी किंवा मालकाचं नुकसान टाळण्यासाठी माहिती वापरायला वेगळी संमती मागितलेलीच नाही. तेव्हा सहीतून संमती मिळाल्याचा मुद्दाच बाद.

आमच्याकडे घरून काम सुरू झाल्यावर दर दहा मिनिटांनी स्क्रीन टिपणारं सॉफ्टवेअर आलं. एक सहकारी माऊसला सुतळी लावून ती मान फिरवणाऱ्या टेबलफॅनला बांधायचा नि निवांत जेवायला जायचा. रिपोर्टात महिनाभर सगळ्यात ‘अ‍ॅक्टिव्ह’ तोच!