गॉड ऑफ वॉर ३ रीमास्टर्ड: ‘टायटन’वर लाल ऑर्ब कशात घालावेत?

सर्कलवाला
आवृत्ती पीएस४ची रीमास्टर्ड, चालवतोय पीएस५वर. ‘गॉड’ डिफिकल्टी पूर्ण आहे, आता त्याहून अवघड ‘टायटन’. बॉसपैकी हेडीस, हेलिओस, हर्मीस झाले, पुढे हर्क्युलिस. तीन शंका:
शस्त्रं वाढवायचे लाल ऑर्ब आधी मुख्य शस्त्रात, ब्लेड्स ऑफ एक्झाइलमध्ये, सगळे ओतायचे की क्लॉज ऑफ हेडीस या दुसऱ्या शस्त्रालाही द्यायचे?
गॉर्गन (नजरेने दगड करणारी) आणि साधे सैनिक एकत्र आले की माझा दगड होऊन तुकडे होतात. उपाय?
आणि देवांच्या त्या १० खास वस्तू ‘टायटन’च्या ट्रॉफीसाठी वापरता येतात का?

फिनिक्सपीस
ब्लेड्स. कमाल पातळी गाठेपर्यंत दुसरीकडे एक ऑर्बही नको.

कारण साधं आहे. या भागात प्रत्येक शस्त्राची जादू त्या शस्त्रालाच बांधलेली आहे. ब्लेड्स वाढवले की नुसता घाव जड होत नाही, त्यांची जादू आर्मी ऑफ स्पार्टाही वाढते. ‘टायटन’वर ती जादू म्हणजे सुटकेचं बटण समजा. R2 दाबलं की ढालींचा कोट उभा राहतो आणि तेवढा वेळ क्रेटोसला, म्हणजे आपल्या नायकाला, काही लागत नाही. त्यामुळे जादूची निळी पट्टी भरलेली असताना ती मिरवायला वापरू नका, कोपऱ्यात सापडल्यावर वापरा.

ब्लेड्सनंतर सेस्टस, म्हणजे हर्क्युलिसकडून हिसकावून घ्यायचे ते सिंहमुखी हातमोजे. काळ्या ऑनिक्सच्या ढाली त्यांच्याशिवाय फुटतच नाहीत. असे शत्रू पुढे भरपूर आहेत, तेव्हा हे शस्त्र टाळता येणार नाही. मग ते कमजोर कशाला ठेवायचं? क्लॉज दिसायला झकास, पण माझ्या मते ऑर्बच्या रांगेत शेवटी.

दुसरी बचत पेट्यांतून होते. गॉर्गनचे डोळे आरोग्यासाठी, फिनिक्सची पिसं जादूसाठी, मिनोटॉरची शिंगं आयटमच्या (धनुष्यासारख्या जोडवस्तूंच्या) पिवळ्या पट्टीसाठी. इथे तीन मिळाले की एक पट्टी वाढते, पहिल्या भागासारखे सहा लागत नाहीत. म्हणजे एक पेटी चुकली तर एक तृतीयांश वाढ गेली, आणि बहुतेक जागी मागे जाता येत नाही. भिंत जरा संशयास्पद वाटली की हेलिओसचं डोकं पाजळून बघा, लपलेल्या वस्तू त्याच उजेडात दिसतात.

ढालफोड्या
ऑर्बबद्दल सहमत. पण ‘टायटन’वर माणूस मरतो तो घाव हलका पडतो म्हणून नाही, चहूबाजूंनी घेरला जातो म्हणून. आधी जागा मोकळी करायची, मग मारायचं.

साधा सैनिक सर्कलने पकडा आणि स्क्वेअर दाबा. क्रेटोस त्याला पुढे धरून धावत सुटतो आणि वाटेतले सगळे आडवे होतात. ऑर्बचा खर्च शून्य, तरी लोक हे विसरतात. L1 + स्क्वेअरने ब्लेड्स गोल फिरतात, गर्दी मागे हटवायला तेच. स्क्वेअर, स्क्वेअर, ट्रँगलचा शेवटचा स्फोट भारी आहे, पण तो पूर्ण व्हायला वेळ लागतो. पाठीमागे कोणी नसेल तरच. लांबच्या शत्रूवर L1 + सर्कलने झेप घ्या. उजव्या स्टिकने लोळण घेत राहा, एका जागी ब्लॉक धरून बसू नका, कारण काही हल्ले ब्लॉक मोडून आत येतात.

गॉर्गनचं सांगायचं तर डोळ्यांतून किरण निघाला की आधी बाजूला लोळा. दगड झालातच तर डावी स्टिक जोरजोरात हलवा. तुकडे होतात ते दगड झाल्यावर एखादा फटका बसला म्हणून. म्हणून भोवतीचे सैनिक आधी कमी करा असं सगळे सांगतात. मी उलट सांगेन. गॉर्गनलाच लवकर गाठा, डोक्यावर सर्कल आला की संपवा. तिच्या अंतासोबत जवळपासचे शत्रूच दगड होतात आणि एकेका फटक्यात फुटतात. गर्दी जितकी दाट, तितका फायदा तुमचा.

आयटमची पिवळी पट्टी आपोआप भरते, तिथे कंजुषी करू नका. अपोलोचं धनुष्य आणि हेलिओसचं डोकं प्रत्येक झुंजीत वापरायचे.

सर्कलवाला
आणि हर्क्युलिस? पॅरी (ऐन वेळी L1 दाबून फटका परतवणं) जमतच नाही, L1 नेहमी उशिरा पडतो.

ढालफोड्या
टीव्हीचा गेम मोड चालू आहे का ते आधी बघा. चित्र सुधारणारी प्रोसेसिंग चालू असेल तर चित्र उशिरा येतं आणि बोट बरोबर असूनही पॅरी हुकते. पीएस३वर फ्रेमरेट ३० ते ६०च्या मध्ये झुलायचा. रीमास्टर्ड १०८० पीवर ६०च्या आसपास चालते, म्हणजे टायमिंग बसवायला हीच आवृत्ती सोपी.

हर्क्युलिसचे जड फटके पॅरी करायच्या नादी लागू नका. त्याला मारू द्या, लोळून बाजूला व्हा, हात परत उचलेपर्यंत दोन-तीन घाव घाला आणि निघा. पूर्ण कॉम्बोचा मोह धरला की पुढचा फटका तुमचाच.

बटणांची चिन्हं बघायला नजर मध्यावरून हलवू नका. या भागात ती पडद्याच्या कडांना येतात, बटण पॅडवर ज्या बाजूला त्याच बाजूला. ट्रँगल वर, एक्स खाली. कोणत्या कडेला काहीतरी चमकलं एवढं कळलं तरी पुरे.

चाबूक
शस्त्रांच्या रांगेत नेमेसिस व्हिपचं नावच नाही? क्रोनॉसनंतर मिळतो खरा, पण ट्रँगल दाबत राहिलं की घाव इतके सलग बसतात की समोरच्याला हलता येत नाही. ब्लेड्स पूर्ण झाले की सेस्टसला एखादी पातळी द्या आणि बाकी सगळं व्हिपला.

फिनिक्सपीस
चालेल, चक्रव्यूहातल्या झुंजींत तो उपयोगी आहेच. पण तोवर ऑर्ब साठवून ठेवू नका. मधला पल्ला मोठा आहे आणि साठवलेले ऑर्ब तिथे कोणाला मारत नाहीत.

हर्मीसचं_नाणं
तिसऱ्या शंकेचं कोणीच सांगितलं नाही. या वस्तू एकदा गेम संपवल्यावरच चालू करता येतात, आणि चालू केल्या की ट्रॉफी बंद. त्यामुळे ‘टायटन’च्या ट्रॉफीसाठी नाही. ‘केऑस’ ही सगळ्यात अवघड पातळी नुसती मजा म्हणून खेळायची असेल तर मात्र जरूर. झ्यूसच्या गरुडाने रेज ऑफ स्पार्टा (क्रेटोसचा रागाचा खास हल्ला) संपत नाही, पोसायडनच्या शंखाने जादू संपत नाही, हर्क्युलिसच्या खांद्याच्या कवचाने इजा एक तृतीयांश कमी होते. हेराचा चषक उलटा आहे, तो आरोग्य हळूहळू खात राहतो. तो कोणाला हवा असतो देव जाणे.

उचलायच्या मात्र आत्ताच. हेडीसचं शिरस्त्राण स्टिक्स नदीच्या तळाशी होतं, ते राहिलं असेल तर या फेरीत गेलं. पुढचं सांगतो: डिडलसची रेखाटनं चक्रव्यूहात तो स्वतः लटकलेला आहे त्याच जागी, आणि गरुडासाठी शेवटाकडे गाया या टायटनच्या हृदयाच्या उजवीकडची भिंत चढायची. हृदयाशी पोचलात की आधी तो घ्या.

सर्कलवाला
हृदयापाशी झ्यूस परत परत बरा होतो, त्याचं काय करायचं?

ढालफोड्या
तो हृदयाकडे वळला रे वळला की सगळं सोडून त्याला तोडा. पूर्ण भरू दिलात तर आधीची मेहनत वाया. हृदयावर तुम्हीही घाव घाला, आरोग्याचे हिरवे ऑर्ब निघतात. रेज ऑफ स्पार्टा (L3 + R3) या टप्प्यासाठीच भरून ठेवा.

आणि अगदी शेवटी झ्यूसला ठोसे घालताना सर्कल कितीही वेळ दाबता येतो. पडदा पूर्ण लाल झाला तरी ठोसे चालूच राहतात. गेम अडकलेला नसतो, बोट उचललं की दृश्य पुढे सरकतं.