सोसायटी ग्रुप: बॅडमिंटन कोर्टवरचा फुटबॉल

सेक्रेटरी: सर्व सभासदांना विनंती, बॅडमिंटन कोर्टवर फुटबॉल खेळू देऊ नये. आज बॉल पुन्हा पार्किंगमध्ये आला आणि एका गाडीचा आरसा फुटला.

अथर्वची आई: मग पोरांनी जायचं कुठं? पावसाळ्यात गांधी मैदानाचं तळं होतंय.

बापू (ए विंग): साहेब, बंदी नको, बॉल बदला. फुटसालचा, म्हणजे छोट्या कोर्टवरच्या फुटबॉलचा, चार नंबरचा बॉल येतोय. दोन मीटरवरनं सोडला तर ५० ते ६५ सेंटिमीटरच उसळतोय. आपली पोरं मोठ्या मैदानाचा पाच नंबरचा घेऊन सिमेंटवर खेळायलेत, तो गाड्यांवर जाणारच की.

देसाई काका: फुटसाल म्हणजे टर्फवर जाळी लावून तासाच्या भाड्यानं खेळतात तेच ना?

बापू: न्हाई काका. तिथं बॉल जाळीवर आपटून परत येतोय, वाईट पास पण खपून जातोय. फुटसालला रेष असते. बाहेर गेला की समोरच्याची किक, ती पण ४ सेकंदांत घ्यायची. १९३० ला उरुग्वेत, माँटेव्हिडिओच्या वायएमसीएत सेरियानी नावाच्या शिक्षकानं काढलेला खेळ. मेस्सी, नेमार, रोनाल्डिन्यो लहानपणी हेच खेळलेत.

देसाई काका: आमच्या वेळी असलं काही नव्हतं, तरी कोल्हापुरात पीटीएम-खंडोबा या तालमींच्या फुटबॉल संघांची मॅच म्हटली की शाहू स्टेडियम गच्च.

जोशी (सी विंग): काका, खंडोबा-पीटीएम म्हणा 😄

सेक्रेटरी: पेठांची भांडणं इथं नकोत. बापू, फुटसालचं कोर्ट साधारण ४० बाय २० मीटर. आपलं १३.४ बाय ६.१. कसं बसवणार?

बापू: पुरं बसत न्हाई. तीन-तीन जण खेळवू, गोलकीपर नको.

अथर्वची आई: अथर्वचे कोच म्हणतात, मोठ्या मैदानाशिवाय दम वाढत नाही.

बापू: बरोबर आहे त्यांचं. लांब पास, हेडर, ऑफसाइडची समज इथं येत न्हाई, मैदान सोडू नकाच. पण वहिनी, अथर्व लेफ्ट बॅक आहे ना? रविवारच्या मॅचला एका हाफमध्ये त्याच्याकडं बॉल किती वेळा येतोय ते मोजा. इथं तीन-तीनच जण, लपायला जागा न्हाई. बॉल यायच्या आधी मान वळवून बघावंच लागतं, माणूस अंगावर असताना पायाच्या तळव्याखाली बॉल दाबून वळावं लागतं. मी तालमीकडनं खेळलो, लांब मारायला सगळ्यांनी शिकवलं, तळवा कुणीच शिकवला न्हाई.

जोशी: आवाजाचं काय? आमच्याकडं दहावी आहे.

सेक्रेटरी: संध्याकाळी ५ ते ६:३०, फक्त फुटसालचा चार नंबरचा बॉल. महिनाभर बघू.

बापू: चालतंय. सिमेंट आहे, पडलं की गुडघा सोलतोय, नी-कॅप घेऊन पाठवा. बूट सपाट तळव्याचे. स्टडचे, म्हणजे तळाला खुंट्या असलेले, बूट घालून आलेल्याला मी घरी पाठवणार.