मदत हवी आहे : ठाणे खाडीकाठच्या मिठागरांवरील जुने प्रबंध ऑनलाइन कसे शोधावेत?

कळवेकर

नमस्कार.

मी नोकरी सांभाळून पीएच.डी. करत आहे. ठाणे खाडीच्या दोन्ही काठांवरील मिठागरे आणि त्यांवर पिढ्यान्‌पिढ्या राबलेल्या आगरी कुटुंबांचे बदलत गेलेले जीवनमान, असा माझा विषय आहे. राहायला कळव्यात आणि कार्यालय ऐरोलीत असल्यामुळे ग्रंथालये उघडी असतात त्या वेळी मी कामावर असतो, आणि जी काही शोधाशोध होते ती रात्रीची जेवणे आटोपल्यावर संगणकासमोर होते. पूर्वसंशोधनाचा आढावा घेणारे प्रकरण मार्गदर्शकांनी नुकतेच परत पाठवले. "पुस्तके आहेत, लेख आहेत, वृत्तपत्रांची कात्रणेही आहेत, पण विद्यापीठांतून झालेले प्रबंध कुठे आहेत?" असा शेरा त्यांनी समासात लिहिला आहे, आणि तो रास्त आहे.

भारतीय विद्यापीठांतील प्रबंध जेथे ठेवले जातात ते शोधगंगा हे संकेतस्थळ मला माहीत आहे व ते मी वापरतही आहे, परंतु हाती येणारे निकाल पाहून गोंधळ वाढतो. इंग्रजीतील 'सॉल्ट' हा शब्द टाकला की रसायनशास्त्राचे आणि क्षारप्रेमी जिवाणूंचे प्रबंध पानामागून पान येत राहतात. त्याला 'ठाणे' जोडले की खारफुटीवरील वनस्पतिशास्त्राचे प्रबंध येतात, आणि मिठागरात काम करणारा माणूस त्यांत कुठेच नसतो. देवनागरीत 'मिठागर' असे लिहून पाहिले तर जवळजवळ काहीच मिळत नाही. आगरी लोकगीतांवरील मराठीतला एक प्रबंध सापडला, पण त्यातील मजकूर निवडून टिपणांत उतरवला की मराठी अक्षरांच्या जागी रोमन अक्षरे, स्वल्पविराम आणि कंस यांची खिचडी उमटते. पडद्यावर मात्र तेच पान स्वच्छ मराठीत दिसते.

शिवाय १९६० ते १९९० या काळातील प्रबंधांचा प्रश्न आहेच. त्या काळात या विषयावर कोणी काम केलेच नाही, की केले आहे आणि ते ऑनलाइन आलेले नाही, हे ठरवायचे कसे? एका विद्यापीठाच्या ग्रंथालयाला ईमेल पाठवून विचारले असता "प्रत्यक्ष येऊन पाहावे" एवढेच उत्तर आले. प्रत्यक्ष जाण्यास माझी ना नाही, परंतु रजा टाकून जायचे तर निदान काय मागायचे याची यादी हातात असावी, एवढीच अपेक्षा आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

नेरूळवासी

कळवेकर, मी महाविद्यालयीन ग्रंथालयात बरीच वर्षे काम केले आहे, त्यामुळे तुमची अडचण ओळखीची आहे. उत्तर थोडे लांबेल.

शोधगंगा गांधीनगर येथील इन्फ्लिबनेट हे केंद्र चालवते आणि तिच्यावर आज पाच लाखांहून अधिक प्रबंध आहेत, हे खरे. पण ती भारतातील सर्व प्रबंधांची संपूर्ण सूची आहे असे समजून तिच्याकडे पाहू नये. विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९ च्या नियमावलीत प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत देणे आवश्यक केले, आणि त्यामुळे त्यानंतरच्या प्रबंधांचा भरणा तेथे अधिक आहे. त्याआधीचे प्रबंध त्या त्या विद्यापीठाने स्कॅन करून चढवले असतील तरच दिसतात, आणि या कामात सर्वांनी सारखाच उत्साह दाखवलेला नाही. तेव्हा १९७५ चा एखादा प्रबंध शोधगंगेवर दिसला नाही, तर त्यावरून तो लिहिलाच गेला नाही असा निष्कर्ष काढता येत नाही. आढाव्यात "या विषयावर पूर्वी संशोधन झालेले नाही" हे वाक्य घालण्यापूर्वी हे ध्यानात असू द्या. मौखिक परीक्षेत बाहेरचे परीक्षक नेमके त्याच वाक्यावर बोट ठेवतात.

आता शोधशब्दांविषयी. शोधगंगेवरील मुख्य शोध बहुतांशी नोंदीवर चालतो, म्हणजे शीर्षक, संशोधक, मार्गदर्शक, विषयदर्शक शब्द आणि सारांश यांवर. ही नोंद भरणारी व्यक्ती कोणत्या लिपीत आणि कोणत्या स्पेलिंगने भरते, यावर तुमचे नशीब अवलंबून असते. मराठी प्रबंधाचे शीर्षक कधी देवनागरीत असते, कधी रोमन लिपीत उतरवलेले असते, तर कधी त्याचा इंग्रजी अनुवादच नोंदीत असतो. म्हणून 'आगरी' हा शब्द रोमन लिपीत एक 'ए' घेऊन, दोन 'ए' घेऊन आणि मधल्या 'ए'सह अशा सर्व तऱ्हांनी शोधा. 'मिठागर'साठी 'सॉल्ट पॅन', 'सॉल्ट वर्क्स', 'सॉल्ट इंडस्ट्री' आणि खाजगी मिठागरांसाठी जुन्या कागदपत्रांत येणारा 'शिलोत्री' हा शब्द, असे सगळे वापरून पाहा.

यापेक्षा महत्त्वाची गोष्ट म्हणजे प्रबंध ज्या काळी लिहिला गेला त्या काळच्या भूगोलाने शोधा. तुम्ही 'नवी मुंबई' शोधत असाल, पण ते शहर वसवणाऱ्या सिडको या सरकारी कंपनीची स्थापनाच १९७० ची आहे आणि त्यानंतरही बराच काळ इंग्रजी शीर्षकांत 'न्यू बॉम्बे' असेच छापले जाई. ठाण्याचे जुने इंग्रजी स्पेलिंग शेवटी 'ए' अक्षर घेऊन येते. उरण आणि पनवेल हे तर कुलाबा जिल्ह्यातले तालुके. त्या जिल्ह्याला रायगड हे नाव १९८१ साली मिळाले. म्हणजे उरणच्या मिठागरांवर १९७० च्या सुमारास कोणी अर्थशास्त्राचा प्रबंध लिहिला असेल, तर त्याच्या शीर्षकात नवी मुंबई नसेल, रायगड नसेल, बहुधा 'कुलाबा डिस्ट्रिक्ट' असेल. त्याच्याही मागे गेलात तर १८८२ च्या ठाणे गॅझेटियरमध्ये पनवेलचे वर्णन ठाणे जिल्ह्यातच आलेले आढळेल. पदवी देणारे विद्यापीठही १९९६ पर्यंत 'युनिव्हर्सिटी ऑफ बॉम्बे' होते, हे संदर्भ लिहिताना उपयोगी पडेल.

शब्द चालेनासे झाले की शोध सोडून द्या आणि कपाट चाळावे तसे चाळायला लागा. शोधगंगेवर विद्यापीठ निवडून त्याखालील विभागांत शिरता येते. समाजशास्त्र, अर्थशास्त्र, भूगोल, इतिहास आणि मराठी एवढे विभाग तुमच्यासाठी पुरेत. एक जरी जवळचा प्रबंध मिळाला तरी त्याच्या मार्गदर्शकाचे नाव घेऊन त्यांच्याकडे झालेले बाकीचे प्रबंध पाहा, कारण मार्गदर्शकांचे विषय सहसा एकाच भागाभोवती फिरतात.

प्रत्येक प्रबंध तेथे तुकड्या-तुकड्यांत ठेवलेला असतो: मुखपृष्ठ, प्रमाणपत्रे, अनुक्रमणिका, एकेक प्रकरण, परिशिष्टे. पुष्कळ जण पहिले प्रकरण उघडून कंटाळतात. माझा सल्ला असा की आधी अनुक्रमणिका आणि मग थेट संदर्भसूचीची फाइल उघडावी. जे जुने प्रबंध ऑनलाइन नाहीत त्यांची नावे तेथेच वर्षासह आणि विद्यापीठासह मिळतात, आणि ग्रंथालयात न्यायची तुमची यादी बसल्या जागी तयार होऊ लागते. फाइलींची नावे नेहमी खरी नसतात; संदर्भसूची कधी शेवटच्या प्रकरणाच्या पोटात, तर कधी परिशिष्टांत दडलेली असते.

संदर्भ देताना ब्राउझरच्या पट्टीतला लांबलचक पत्ता न देता नोंदीत दिलेला, १०६०३ हा आकडा असलेला कायमस्वरूपी दुवा द्यावा. संकेतस्थळाची रचना बदलली तरी तो टिकावा अशीच त्याची योजना आहे.

जुनी पाने

वरील प्रतिसाद उत्तम आहे, पण त्यात एक भर घालणे आवश्यक वाटते. न दिसणारे प्रबंध शोधण्यासाठी छापील सूच्या आहेत आणि आजकालच्या संशोधकांना त्यांचा पूर्ण विसर पडला आहे. भारतीय विद्यापीठांनी १८५७ ते १९७० या काळात मान्य केलेल्या डॉक्टरेटच्या प्रबंधांची सूची इंटर-युनिव्हर्सिटी बोर्डाने विषयवार खंडांत काढली होती. पुढे हीच संस्था असोसिएशन ऑफ इंडियन युनिव्हर्सिटीज या नावाने ओळखली जाऊ लागली, आणि तिच्या 'युनिव्हर्सिटी न्यूज' या साप्ताहिकात पदवी मिळालेल्या प्रबंधांच्या याद्या छापून येत असत. मोठ्या ग्रंथालयांच्या संदर्भ विभागात हे खंड बहुधा धूळ खात असतात, तेव्हा काउंटरवर स्पष्ट नाव घेऊन मागावेत. सामाजिक शास्त्रांसाठी दिल्लीतील नॅसडॉक हे आयसीएसएसआरचे (भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेचे) केंद्रही आहे. तेथे प्रबंधांचा वेगळा संग्रह ठेवलेला आहे.

मार्गदर्शकाच्या नावावरून शोधण्यावर मात्र माझा फारसा विश्वास नाही. एकाच व्यक्तीचे नाव कधी आडनाव आधी, कधी आद्याक्षरे आधी, तर कधी पूर्ण नावाने नोंदवलेले असते, आणि यादी अर्धीच हाती लागूनही ती पूर्ण वाटत राहते. त्यापेक्षा विभाग निवडून वर्षानुवर्षे खाली उतरत जाणे वेळखाऊ असले तरी खात्रीचे आहे.

आणखी एक. मिठागर कामगारांवरचे काम पीएच.डी.पेक्षा एम.ए. किंवा एम.फिल.च्या लघुप्रबंधांत अधिक असण्याचा संभव आहे, कारण एका गावाची पाहणी हा त्या पातळीला साजेसा विषय असतो. असे लघुप्रबंध शोधगंगेवर अपवादानेच सापडतात. त्यांच्यासाठी विभागाचे स्वतःचे ग्रंथालय आणि समाजकार्य शिकवणाऱ्या संस्थांची ग्रंथालये गाठावी लागतील. काहींची पुढे पुस्तकेही झालेली असतात, आणि ती पाहायला तुम्हांला लांब जायला नको. १८९३ पासून चालू असलेले मराठी ग्रंथसंग्रहालय तुमच्या ठाण्यातच आहे.

दूरदेशी

परदेशी विद्यापीठांतून महाराष्ट्रावर झालेले प्रबंध विसरू नका. नवी मुंबईतील भूसंपादन, १९८४ चे उरणजवळच्या जासई परिसरातील शेतकरी आंदोलन, जमीन गेलेल्यांना साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना अशा विषयांत तेथील भूगोल व नगररचना विभागांना रस असतो, आणि भूसंपादनाच्या ओघात मिठागरांवर एखादे प्रकरण येऊन जाते. अमेरिकेतील प्रबंधांसाठी प्रोक्वेस्ट हा वर्गणीवर चालणारा ऑनलाइन संग्रह मुख्य आधार आहे. तुमच्या विद्यापीठाची वर्गणी असेल तर पूर्ण मजकूर मिळतो, नसेल तर निदान सारांश पाहता येतो. ब्रिटनमधील प्रबंध पूर्वी ब्रिटिश लायब्ररीच्या 'इथॉस' या सेवेवर एकत्र शोधता येत, पण ऑक्टोबर २०२३ मधील सायबर हल्ल्यात ती बंद पडली. म्हणून लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि आशिया-आफ्रिकेच्या अभ्यासाची लंडनमधील संस्था सोआस यांच्या स्वतंत्र संग्रहांत थेट जाऊन शोधावे. दोन्ही ठिकाणी पुष्कळ प्रबंध मोफत उतरवून घेता येतात. खुले असलेले जगभरचे प्रबंध एकाच ठिकाणी पाहायचे असतील तर 'ओपन ॲक्सेस थिसिस अँड डिझर्टेशन्स' हे संकेतस्थळ आहे.

कळवेकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. 'कुलाबा' आणि ठाण्याचे जुने स्पेलिंग वापरताच निकालांचा चेहराच बदलला. भूगोल विभागांतील किनारपट्टीच्या व्यवसायांवरचे प्रबंध पुढे आले, आणि त्यांच्या शीर्षकांत मिठाचा उल्लेख नसला तरी अनुक्रमणिकेत तो आहे. संदर्भसूच्यांतून ग्रंथालयात मागायची यादीही आकार घेऊ लागली आहे. मार्गदर्शकांच्या नावांबाबत 'जुनी पाने' यांचे म्हणणे मला पटले. एकाच प्राध्यापकांची नावे तीन तऱ्हांनी नोंदवलेली मी स्वतः पाहिली.

लोकगीतांच्या प्रबंधातील अक्षरांचा प्रश्न तेवढा अजून शिल्लक आहे. त्यातील मिठागरावरची गाणी मला परिशिष्टात अवतरणे म्हणून द्यायची आहेत, आणि सगळी हाताने टंकित करायची म्हटले तर फार वेळ जाईल.

नेरूळवासी

तो प्रबंध श्रीलिपी किंवा तशाच एखाद्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टंकित झालेला असणार. त्या फॉन्टमध्ये रोमन अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असतात, त्यामुळे डोळ्यांना मराठी दिसते आणि संगणकाला मात्र रोमनच समजते. तुम्ही देवनागरीत केलेल्या शोधाला अशा प्रबंधांचा मजकूर सापडत नाही, त्याचे एक कारण हेही आहे. फॉन्ट कोणता ते पीडीएफच्या गुणधर्मांत पाहा आणि त्याच फॉन्टचे युनिकोडमध्ये रूपांतर करणारे साधन मिळते का ते शोधा. न मिळाल्यास हवी ती पाने चित्र म्हणून जतन करा, गूगल ड्राइव्हवर चढवा आणि तेथून गूगल डॉक्समध्ये उघडा, म्हणजे ते साधन चित्रातली अक्षरे ओळखून त्यांचा मजकूर करून देते. पीडीएफ तशीच चढवू नका, नाहीतर आतला तोच बिघडलेला मजकूर पुन्हा येण्याची शक्यता असते. छपाई स्वच्छ असेल तर मराठी अक्षरओळख बरीच चांगली होते, पण रफार, अनुस्वार आणि कडव्यांच्या ओळी जिथे तुटतात त्या जागा मुळाशी ताडून पाहाव्याच लागतील. लोकगीतांत बोलीतील रूपे असल्यामुळे हे साधन 'न' आणि 'ण' यांची सर्रास अदलाबदल करते, तेवढे विशेष जपा. गाणी छापताना गायिकेचे आणि गावाचे नाव मूळ संशोधकाने दिले असेल, तर तेही सोबत घ्या.