सोशल मीडियावरचा आपला 'ब्रँड' : तुमचे अनुभव लिहा

सुईदोरा
काल माळा आवरताना बाबांच्या दुकानाची पिशवी सापडली. पिवळी, जाड मांजरपाटाची, लाल अक्षरं, खाली तीन आकडी फोन नंबर. कराडात आमचं कापडाचं दुकान होतं. ३० वर्षं बाबांनी पिशवीचा रंग बदलला नाही. एकदा छापखानेवाल्याने पिवळं कापड संपलं म्हणून पांढऱ्यावर छापून दिल्या, तर बाबांनी अख्खा गठ्ठा परत पाठवला. दिवाळी तोंडावर. आई आठवडाभर ऐकवत होती, गिऱ्हाइकाने काय ओटीत घालून कापड न्यायचं? पण एसटीत कुणाच्या मांडीवर ती पिशवी दिसली की मी उगाच ऐटीत बसायचे.

आता माझं बघा. मी गोधड्या शिवून विकते. २०१९ पासून इन्स्टावर आहे. पेजचं नाव दोनदा बदललं. आधी माझंच नाव, मग इंग्रजीत काहीतरी 'क्विल्ट्स', मग परत मराठी. रंग दर दिवाळीला नवे. भाचा डिझाइन शिकतो, तो म्हणाला मावशी, हे सगळं एकाच बाईचं आहे हे कळतच नाही. मग त्याने नऊ पोस्टींची अशी जुळणी केली की प्रोफाइल उघडलं की नऊ चौकोन मिळून एक अख्खी गोधडी दिसायची. काय सुंदर दिसायचं! पण एक पोस्ट टाकली की सगळं एक घर पुढे सरकतं, म्हणून टाकायच्या तर तीन-तीन. मला धावदोऱ्याने एक गोधडी पुरी करायला पंधरा दिवस लागतात, तीन पोस्टी आणू कुठून? तरी रेटलं. आणि जानेवारी २०२५ मध्ये इन्स्टाने प्रोफाइलवरचे चौकोन उभे केले. गोधडी उसवली. भाच्याचा चेहरा बघवत नव्हता.

बाबांची पिशवी अशी रात्रीतून कुणी लांब केली नसती. तर आपली एकच ओळख टिकवताना तुमचं काय काय झालं, लिहा.

पावसाळी_छत्री
मस्त धागा. वाचतेय. कुकर लावलाय, नंतर लिहिते.

बांधावरून
आम्ही डाळिंबवाले, सांगोल्याकडचे. टिकटॉकवर बागेतले व्हिडिओ टाकायचो. छाटणी, फवारणी, तेल्या रोग आला तर काय. २९ जून २०२० ला सरकारनं ५९ ॲप बंद केली त्यात आमचं पण गेलं. दोन लाख माणसं होती, सकाळी एकाचा पत्ता नाही. बायको म्हणली, चला, आता तरी शेतात लक्ष द्या.

पुढच्याच महिन्यात रील्स आलं. शून्यापासून सुरू. जुनं नाव पण कुणीतरी घेतलेलं, मागं आकडा लावावा लागला. म्हटलं आता कोण वळखतंय. तर चौथ्या व्हिडिओखाली एकानं लिहिलं, "आलं का कात्रीवालं!" मी बोलायच्या आधी छाटणीची कात्री दोनदा कट कट वाजवतो. ठरवून न्हाई हो, हाताला सवयच हाय. त्याच्यावरून वळखलं. नावावरून कुणीच न्हाई.

सुईदोरा
कात्रीवालं 😄 दादा, आमच्याकडे पण कात्रीच, पण ती वाजवली की सासूबाई ओरडतात, घरात भांडणं होतात म्हणून.

बांधावरून
बागेत वाजवली तर व्यापाऱ्याशी होतात.

क्युबिकलातला
लिंक्डइन. कुणीतरी सांगितलं सातत्य पाहिजे, म्हणून रोज सकाळी ८ ला एक पोस्ट. ४० दिवसांत माझ्याकडचं ज्ञान संपलं. मग रिक्षावाला मला नेतृत्व शिकवायला लागला, भाजीवाली वाटाघाटी. एक दिवस बायको म्हणाली, "बाकी सगळं ठीक आहे, पण तुझा रिक्षावाला मीटरने यायला लगेच तयार झाला हे कोण मानेल? आपण पुण्यात राहतो."

तिथेच थांबलो. पुण्यात ब्रँड कसा करायचा ते चितळ्यांकडून शिकावं. दुपारी १ ते ४ दुकान बंद ठेवून जी ओळख झाली ती माझ्या रोजच्या ८ वाजताने झाली नाही.

पावसाळी_छत्री
अहो आता ते दुपारी पण उघडं असतं.

क्युबिकलातला
असेल. विनोद अजून चालू आहेत ना? तोच तर ब्रँड.

कढीपत्ता_जर्सी
इथे रात्र आहे, भराभर लिहिते. न्यू जर्सीत राहते, यूट्यूबवर मराठी स्वयंपाकाचं चॅनेल आहे. १००० सबस्क्रायबर आणि लोकांनी बघितलेले ४००० तास झाल्याशिवाय जाहिरातींचे पैसे नाहीत, तिथपर्यंत पोचायला मला अडीच वर्षं लागली. चेहरा दाखवत नाही, नुसते हात. तीच लोखंडी कढई, तोच उलथना. लोगो, सुरुवातीचं संगीत, सगळं विकत करून घेतलं होतं. ते कुणाच्याही लक्षात नाही.

मागच्या थंडीत बर्फावरून पडले, मनगट दुखावलं, सूज आली म्हणून बांगड्या उतरवल्या. मटकीच्या उसळीचा व्हिडिओ टाकला. खाली एकच प्रश्न, शंभरदा : "ताई, घरी सगळं ठीक ना?" आधी कळेना. मग एका काकूंनी स्पष्टच लिहिलं, "देव तुम्हाला बळ देवो." नवरा समोर बसून तीच उसळ खात होता! त्याला वाचून दाखवलं तर म्हणतो, पुढच्या व्हिडिओत मी मागून एकदा हात हलवून जातो. गेलाही. तोच माझा सगळ्यात जास्त पाहिला गेलेला व्हिडिओ. हसू की चिडू ठरत नाही. सूज उतरल्यावर बांगड्या परत घातल्या, पण मुद्दाम नाही घातल्या असं स्वतःला सांगावं लागतं.

पावसाळी_छत्री
देवा! लोक कुठे कुठे बघतात. मटकीला मोड तिकडच्या थंडीत येतात का हो?

कढीपत्ता_जर्सी
ओव्हनचा दिवा लावून आत ठेवायची. ओव्हन नाही, नुसता दिवा. एका रात्रीत येतात.

निळीशाई
लिहावं की नाही, विचार करत होतो.

मी दहावी-बारावीच्या मुलांना करिअरबद्दल सल्ला देतो. एक कोर्स केला होता, त्यात शिकवलं की सगळीकडे एकच फोटो, एकच सूर, एकच वेळ. हसरा फोटो, सूर सकारात्मक, वेळ सकाळी ७. रविवारी बसून आठवड्याच्या पोस्टी शेड्यूल करून टाकायचो.

बुधवारी पहाटे आप्पा गेले. दुपारी स्मशानातून आलो, आंघोळ केली, फोन उघडला. सकाळी ७ ला माझा हसरा फोटो आणि "आजचा दिवस तुमचा आहे!" त्याखाली चुलतभावाचं "भावपूर्ण श्रद्धांजली". त्याखाली एका विद्यार्थ्याच्या टाळ्या. कुणाचं काय चुकलं म्हणणार.

पोस्ट काढली. गुरुवारची आणि शुक्रवारची मात्र विसरलो, त्या गेल्याच. तेराव्याला एक दूरचे काका म्हणाले, "तू लवकर सावरलास, बरं झालं." काही बोललो नाही. फोटो अजून तोच आहे.

सुईदोरा
दादा 🙏 काय लिहू.

बांधावरून
आप्पास्नी नमस्कार. आता तरी आठवड्याचं एकदम लावू नका. त्या दिवशीचं त्या दिवशी.

निळीशाई
आता नाही लावत. ७ वाजता जाग मात्र येते.

कुंचला
विषय वेगळा आहे, पण पिशवीवरून आठवलं. आमच्या तालुक्याच्या गावी एकच पेंटर. दवाखाना, पिठाची गिरणी, बँड पथक, 'येथे लघवी करू नये', सगळ्या पाट्या त्याच्या. उजव्या कोपऱ्यात इवलीशी तिरकी सही, खाली रेघ, रेघेला शेपटी. गावात नवीन आलेला माणूस दुकानदाराचं नाव विसरायचा, ते शेपटीवाले पेंटर लक्षात राहायचे. मग फ्लेक्स आले. मी फ्लेक्सच्या दुकानात कामाला लागलो, कॉम्प्युटरवर श्रीलिपीत अक्षरं बसवायचो. एकदा हे पेंटर स्वतःच्या नातीच्या वाढदिवसाचा फ्लेक्स करायला आले. सगळं झाल्यावर म्हणाले, कोपऱ्यात थोडी जागा ठेव. खिशातून मार्कर काढला आणि सही केली. पैसे घेतले नाहीत मालकाने.

क्युबिकलातला
यावर मी लिंक्डइनवर १२०० शब्द लिहिले असते. बायकोला दाखवत नाही.

पावसाळी_छत्री
सुईदोरा, गोधडी केवढ्याला? बाळाची हवीये, जुन्या सुती साड्या माझ्याकडे आहेत. आईच्या लुगड्याचा काठ वर यायला पाहिजे. आणि कुकर करपला, या धाग्यामुळे.

सुईदोरा
व्यनि (खाजगी निरोप) करते ताई. काठ येईल वर, पण साड्या आधी दोनदा धुऊन पाठवा, नाहीतर लाल रंग जातो.

कढीपत्ता_जर्सी
पिशवीचा फोटो टाका ना! त्याच पिवळ्यात तुमचं पेज करा.

सुईदोरा
भाचाही तेच म्हणाला. फोटोसाठी म्हणून धुऊन दोरीवर वाळत घातली होती. आता बघते तर आईने त्यात कांदे भरलेत. म्हणते, पिशवी कशाला असते?